ज्योतीची पांढरी साडी

पितृपक्षातलं लग्न, ते लढाईच्या दिवसांत, आणि नवरी पांढऱ्या साडीत! यातली एकच गोष्ट असती तरी जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांतल्या बायकांना आठवडाभर पुरली असती. पुष्पा साळवेच्या घरी तिन्ही एकदम जमून आल्या होत्या, आणि पुष्पाला त्याचा पत्ताच नव्हता. तिच्या लेखी सगळं सरळ चाललं होतं.

सरळ म्हणजे असं. तिची ज्योती वीस वर्षांची. तिचं लग्न ठरलं होतं मोहनशी. मोहन इटारसीला, रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. लग्न व्हायचं होतं नाताळानंतर, सावकाशीनं. पण पासष्ट सालचा भादवा उजाडला, पाकिस्तानशी लढाई जुंपली, आणि मोहनला हुकूम आला की लष्कराच्या गाड्या न्यायला पठाणकोटकडे जायचं. मोहनच्या आईने निरोप धाडला, ‘पोराचं लग्न लावूनच त्याला पाठवते.’ पुष्पा म्हणाली, चलो, ठीक आहे. ख्रिस्ती माणसाला मुहूर्त पाहायचा नसतो, देवाने केलेला हरेक दिवस चांगला. साळव्यांच्या घरात चर्चला देऊळच म्हणत. तर त्या नेपियर टाउनमधल्या देवळात पाळकसाहेबांनी, लग्नाआधी पुकारतात तशी, दोघांची नावं पुकारली आणि शनिवारची सकाळ नक्की झाली.

शेजारच्या क्वार्टरमध्ये शरयू राहायची. तिचा नवरा पुष्पाच्या नवऱ्यासोबत, गुणवंतसोबत, फॅक्टरीच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात कामाला. एकुलता एक मुलगा अच्युत फौजेत. दोन्ही घरांमध्ये एक भिंत आणि सोळा वर्षांचा घरोबा. अच्युतला गोवर निघाला तेव्हा पुष्पा त्याच्या उशाशी बसली होती, आणि ज्योतीच्या शाळेच्या वेण्या बहुतेक शरयूनेच घातल्या होत्या. पुष्पाचा हात वेणीला जरा जोरात लागायचा ना! पोरगी सकाळी फणी घेऊन सरळ भिंतीपलीकडे पळायची.

शरयू साडीच्या पदराला गोंडे फार सुरेख बांधायची. लग्न ठरल्या दिवसापासून तिने बजावून ठेवलं होतं, ‘ज्योतीच्या साडीला दुसऱ्या कोणाचा हात नाही लागला पाहिजे.’ म्हणून बुधवारी दुपारी पुष्पा मोठ्या कौतुकाने साडी घेऊन तिच्याकडे गेली आणि चटईवर तिने घडी उलगडली. रेशमी, पांढरीशुभ्र, काठाला बारीक रुपेरी वेल.

शरयूने पुढे केलेला हात मागे घेतला.

“हे काय गं?”

“साडी.”

“ते दिसून राहिलं मला. नवरीची कुठाय?”

“हीच की. आमच्यात पांढरीच असते. सुंदर आहे ना?”

शरयूने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या अच्युतच्या फोटोकडे पाहिलं, आणि ती उठलीच. “शेगडीवर दूध आहे माझं,” असं काहीतरी पुटपुटली आणि आत गेली, ती बाहेर येईना. पुष्पा इतकी भाबडी, की तिला वाटलं, खरंच दूध असेल. साडीची घडी घालून ती घरी आली आणि लाडू वळायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाताई आल्या. कुंदाताई म्हणजे लाईनीतल्या सगळ्यांत वडील, नवरा फॅक्टरीत चार्जमन, कामगारांवरचा साहेब, त्यामुळे बायकांच्या चार्जमन आपण आहोत असं त्यांनीच ठरवून टाकलेलं. सोबत कोपऱ्यावरची बेबी होती. तिला नुसतं तमाशा पाहायला आणलं होतं की काय कोण जाणे.

“पुष्पाबाई, रागावू नका, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.”

रागावू नका म्हणून सुरुवात करणारा माणूस राग आणायलाच आलेला असतो. तरी पुष्पाने पाट टाकले, पाणी दिलं. “बोला ना, कुंदाताई.”

“पोट्टीला पांढरं नेसवून पाठवून राहिल्या म्हणे तुम्ही?”

“हो.”

“काहून पण? जबलपूरच्या बाजारात लाल साडी मिळेना का? अच्छा, मिशनची अट असेल. मडमेचा रिवाज.”

“कशाची अट? माझं लग्न पांढऱ्यात झालं, माझ्या आईचं पांढऱ्यात झालं. मडम नव्हती तिथे कोणी. आमचा रिवाज आहे तो.”

“असेल बाई, तुमच्या घरात तुमचा रिवाज. तुमचं कपाळ मोकळं राहते, त्याला आम्ही कधी बोललो का? पण हे दिवस पित्तरांचे. तिकडे शरयूचं पोरगं गोळ्यांसमोर उभं. महिना झाला, त्याची खबर नाही. आणि सकाळी सकाळी तिच्या दारावरून पांढऱ्या कपड्यातली बाई न्यायची? आमच्यात पांढरं कोण नेसते, ते माहीत नाही तुम्हाला?”

तेव्हा कुठे पुष्पाच्या डोक्यात कालचं दूध उतू गेलं. माहीत होतं, अहो, सगळं माहीत होतं! लाईनीतल्या दोन विधवा बायांना ती रोज पाहायची. पण आपल्या ज्योतीकडे पाहून कोणाला ते आठवेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिचा आवाज उतरला.

“मला सुचलंच नाही हो तसं,” ती म्हणाली.

तिथेच थांबतं सगळं, तर बरं झालं असतं. पण बेबीला राहवलं नाही. “त्यांना कसं सुचेल, कुंदाताई? लढाई आपली. यांचं काय, गोऱ्यांचा देव, गोऱ्यांचे कपडे. गोरे गेले, हे राहिले.”

पुष्पाने हातातला लाडू ताटात ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि लाल झाला की तिला स्वतःलाही आवरायचं नाही.

“बेबी, माझा नवरा पहाटे जाते आणि दिवे लागल्यावर येते. आल्यावर त्याच्याच्याने घास धरवत नाही, बोटं इतकी आखडलेली असतात. कोणासाठी करून राहिला तो? मडमेसाठी? माझा जावई हळद... म्हणजे लग्न झाल्याच्या चौथ्या दिवशी बॉम्ब पडतात तिकडे गाडी घेऊन चालला. तो कोणासाठी चालला? तुझा नवरा तर तब्येतीची चिठ्ठी देऊन घरी बसला आहे, मी विचारलं का कधी?”

कुंदाताईंनी बेबीला कोपराने मागे सारलं आणि मऊ आवाज काढला.

“जाऊ द्या, ती लहान आहे. मी तोड सांगते. नाक्यापर्यंत लाल नेसवा, देवळात गेल्यावर बदला. नाहीतर असं करा, मागच्या गल्लीतून न्या. तिथे टांगा उभा करा. कोणी पाहणार नाही, कोणाचं मन दुखणार नाही.”

मागची गल्ली म्हणजे संडासांच्या मागची. मेहतर टोपली घेऊन यायचा ती.

पुष्पा उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

“कुंदाताई, माझ्या आजीला गावात मागच्या वाटेनेच जावं लागायचं. पाटलाच्या दारावर तिची सावलीसुद्धा चालत नव्हती. तिने बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी धुवट पांढरं लुगडं नेसली आणि आयुष्यात पहिल्यांदा गावाच्या मधल्या रस्त्याने चालत गेली. लोकांनी शेण फेकलं, तरी चालत गेली. तिने सोडलेली वाट मी माझ्या पोरीला लग्नाच्या दिवशी दाखवू? माझी ज्योती पांढऱ्यातच जाईल, आणि समोरच्या दाराने जाईल.”

“म्हणजे शरयूचं काही नाही तुम्हाला?”

“शरयूने सांगितलं हे?”

“तिनेच तर बोलावलं आम्हाला. सकाळपासून रडून राहिली.”

हे मात्र वर्मी बसलं. बेबी बोलली त्याचा राग आला होता, राग काय, येतो आणि जातो. पण सोळा वर्षांच्या शेजारणीने, भिंतीला तोंड लावून हाक मारली तरी ऐकू येईल अशा शेजारणीने, कुंदाताईला वकील म्हणून पाठवावं? बायका गेल्यावर ती कितीतरी वेळ तशीच उभी होती आणि लाडवांना मुंग्या लागल्या.

संध्याकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला, गुणवंत आला. त्याला जेवू घालताना पुष्पाने सगळं सांगितलं, थोडं मीठमसाला लावूनच सांगितलं. गुणवंत मुळात अबोल माणूस. ज्योतीच आधी बोलली.

“आई, मी लाल नेसते. काय फरक पडते? मावशी रडून राहिली माझ्यामुळे.”

“फरक पडते!” पुष्पा कडाडली. “पांढरं म्हणजे मेलेल्याचं नाही आपल्यात. पांढरं म्हणजे देवाने धुऊन काढलेलं, कुठे डाग नाही असं. मी त्यात उभी राहिले तेव्हा मला राणी झाल्यासारखं वाटलं होतं. ते तू चोरासारखं पिशवीत घालून नेशील? आणि उद्या कोणी म्हणालं, देवाचं नावही नाक्यापलीकडे जाऊन घ्या, तर?”

ज्योतीने मान खाली घातली. तिच्या मनात साडीचा हट्ट नव्हता, पण आईचं म्हणणं तिला पटत होतं.

गुणवंतने हात धुतले. मग सावकाश म्हणाला, “साडी पांढरीच. त्यात बदल नाही. माझी पोरगी आहे, कोणाच्या भीतीने कपडे बदलणार नाही.” पुष्पाचा जीव भांड्यात पडला. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. “तू कुंदाताईला उत्तर दिलं, बेबीला दिलं. शरयूला दिलं का?”

“तिने विचारलं कुठे मला? तोंडावर यायची हिंमत नाही तिच्यात.”

“भ्यायली आहे ती, पुष्पा. वाईट नाही. पोरगं तिकडे आहे तिचं.”

ब्लॅकआउटमुळे दिव्याला काळा कागद गुंडाळलेला होता. त्याच्या खालच्या एवढ्याशा उजेडात तिघं रोजच्यासारखी प्रार्थनेला बसली. लढाई सुरू झाल्यापासून गुणवंत दोन नावं रोज घ्यायचा, मोहनचं आणि अच्युतचं. त्या दिवशी मोहनचं नाव घेऊन तो थांबला. थांबलाच. पुष्पाला कळलं की हा आपल्यासाठी थांबला आहे. तिच्या मनात आलं, कशाला घेऊ? ज्या बाईला माझी पोरगी अपशकुनी वाटते तिच्या पोराचं नाव माझ्या तोंडात कशाला? असं मनात आलं, खोटं कशाला बोला. पण त्या पोराच्या गोवराने तापलेल्या कपाळाला तिचा हात लागला होता. “अच्युतला सांभाळ, बापा,” ती घुश्शातच म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

शुक्रवार पाहुण्यांच्या धांदलीत गेला. शरयूचं दार दिवसभर लोटलेलं. पुष्पा चारदा त्या दारापर्यंत गेली आणि चारदा परत आली. मानी बाई! चूक आपली नव्हती, मग आपण काहून आधी बोलायचं, यावर गाडी अडलेली.

शनिवारी सकाळी झेंडूच्या माळा लावलेला टांगा समोरच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. बाकीची मंडळी रिक्षांनी पुढे गेली होती. लाईनीतल्या बायका आपापल्या ओट्यांवर होत्या. कोणी तांदूळ निवडत होतं, कोणी उगाच झाडत होतं, आणि सगळ्यांचे डोळे साळव्यांच्या दाराकडे. आत ज्योती तयार होऊन बसली होती. पांढरी साडी, केसांत मोगरा, गळ्यात आजीची बारीक साखळी. तिला पाहून पुष्पाचा अभिमान असा दाटून आला की त्यापुढे रुसणंफुगणं तिला फार बारीक वाटायला लागलं. अशी लेक असताना आपण कोणाला भितो? आणि शरयूला तरी काहून भितो?

ती तडक बाहेर आली, साऱ्या बायकांच्या देखत शरयूच्या ओट्यावर चढली आणि तिने कडी वाजवली.

शरयूने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस तसेच.

“शरयू, मी भांडायला नाही आली. सांगायला आली. पोरगी निघून राहिली. पांढऱ्यात निघून राहिली, आणि तुझ्या दारावरूनच जाईल, कारण तिला दुसरी वाट नाही. आमचं पांढरं मरणाचं नाही. आमच्यात ते देवाने शुद्ध केलेल्या माणसाचं आहे. माझ्यावर तुझा भरवसा असेल तर एवढं खरं मान. नसेल तर दार लावून घे, मी मनात ठेवणार नाही. पण हे मला तू सांगायचं होतं. माझ्या घरी कुंदाताईला काहून पाठवलं?”

“मी नाही पाठवलं. मी फक्त रडली त्यांच्याजवळ. छातीत धस्स झालं गं, ते पांढरं पाहून. रोज वाटते, आज तार येईल. तुझ्याजवळ कशी रडू? तुझ्या घरी लग्न.”

“माझ्याजवळ नाही तर कोणाजवळ रडशील, वेडे?” पुष्पा म्हणाली. “लढाई लागल्यापासून रोज नाव घेतो आम्ही अच्युतचं. रोज. परवा तुझा इतका राग होता, तरी घेतलं.”

शरयूने हळूच विचारलं, “आज देवळात घेतील का? तुमचे ते पाळकसाहेब?”

“घेतील ना. मोठ्याने घेतील. तू ये, स्वतःच्या कानांनी ऐक.”

“मी कशी येऊ?”

“म्हणजे? सोळा वर्षं बोलावते आहे मी. दर नाताळाला बोलावते. तू आपली दरवेळी काहीतरी काम काढते.”

“तुला माहीत आहे ना, कशी येऊ ते.” शरयूने मान खाली घातली. “तुमच्या देवळाच्या दारात कुंकू धुऊन पुसावं लागते. म्हणून तर तो पाण्याचा रांजण ठेवलेला असते पायरीजवळ. नवरा धडधाकट, पोरगं लढाईवर, आणि मी आपल्या हाताने कुंकू पुसू, पुष्पा? तू बोलावलं की मला रडू यायचं. म्हटलं, हिला नाही म्हणावं तर हिचं मन दुखेल, आणि पुसावं तर...”

पुष्पाने तिचा दंड धरला.

“कोणी सांगितलं तुला हे?”

शरयूने हळूच पलीकडच्या ओट्याकडे पाहिलं. कुंदाताई एकदम खूप लक्ष देऊन तांदूळ निवडायला लागल्या.

“अगं बये! तो प्यायच्या पाण्याचा रांजण आहे! उन्हात लांबून लांबून लोक येतात, त्यांना तहान लागते!” पुष्पाला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सोळा वर्षं! हिला वाटायचं, माझा देव हिचं सौभाग्य मागतो. मला वाटायचं, ही माझ्या देवाला टाळते. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी, आणि विचारलं कोणीच नाही. “शरयू, मी कुंकू लावत नाही, तो माझा नेम. तुझ्या कपाळाला माझ्या देवाने काय म्हणून हात लावावा? कुंकू लावून ये. चांगलं ठसठशीत लावून ये. तू तुझ्या कपाळाने ये, माझी पोरगी तिच्या साडीत येईल. पुसायचं कोणीच काही नाही.”

शरयू आत गेली. टांगेवाला ओरडायला लागला, “माताजी, देर हो रही है!” गुणवंत घड्याळ पाहत उभा होता. पण पुष्पा ओट्यावरून हलली नाही. शरयू बाहेर आली ती हिरवं रेशमी लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती सरळ साळव्यांच्या दारात गेली, ज्योतीला तिने पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि पदर हातात घेऊन म्हणाली, “गोंडे राहिले गं माझ्यामुळे. बिनगोंड्याची नवरी केली मी.” ज्योती वाकली, तर तिला वाकू न देता तिने छातीशी धरलं. पांढऱ्या रेशमाला खांद्यावर कुंकवाचा लाल ठसा लागला. कोणी तो झटकला नाही.

तिघी टांग्यात मागे बसल्या, मधे ज्योती. गुणवंत पुढे, टांगेवाल्याजवळ. ओट्यांवरचे झाडू थांबले होते. बेबी दारातून हळूच हात हलवून गेली. कुंदाताई मात्र तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. घेऊ द्या! दार त्यांचं, कडी त्यांची.

कुंदाताईंच्या लावलेल्या दाराजवळ टांगेवाल्याने उशीर झाला म्हणून चाबूक उचलला. पुष्पाने मागून हात लांब करून त्याचा खांदा धरला. तिचं मोकळं कपाळ उन्हात चमकत होतं आणि मान अशी ताठ होती की मागच्या तीन पिढ्या तिच्यात सरळ होऊन बसल्या होत्या.

“भैया, धीरे,” ती म्हणाली. “इस दरवाजे के सामने से तो एकदम धीरे.”